लोखंडी पाय

बॅगा भरायचं काम तिने दुपारीच काढलं. नवरा एकदा कामावरून आला की मदतीला लागणार, आणि त्याने मदत केली की सगळं पुन्हा उपसावं लागणार, हे तिला इतक्या वर्षांच्या संसारात पुरतं कळून चुकलं होतं. पलंगावर अंगालगत घालायचे गरम कपडे, शेजारी लोकरीचे, त्यापलीकडे वारा अडवणारे, अशा चळती लागल्या होत्या. ती कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करायची, त्यामुळे प्रत्येक जॅकेटची चेन वरखाली करून बघितल्याशिवाय तिचं समाधान होत नव्हतं. अशा थंडीत चेन अडकली की हातमोजे काढावे लागतात, आणि हातमोजे काढले की बोटांचं काही खरं नाही.

थंडी यंदा भलतीच होती. वर डोंगरात पारा उणे तीसच्या खाली गेला होता आणि अजून उतरणार असं बातम्यांत सांगत होते. तिने न राहवून मोठ्या दिरांना फोन लावला. ते वर स्कीच्या उतारांपाशीच राहायचे. स्की आणि बूट भाड्याने द्यायचं त्यांचं छोटं दुकान होतं.

"भाऊजी, पुढच्या महिन्यात आलो तर नाही का चालणार?"

"पुढच्या महिन्यात काय चिखल बघायला येणार?" ते हसले. "अगं, आपल्या घराण्याला थंडी वाजत नाही. लोखंडी पाय आहेत आमचे. आमचे बाबा अनवाणी बर्फात जायचे लाकडं आणायला, हूं की चूं करायचे नाहीत."

हे तिने शंभरदा ऐकलं होतं. सासरे तिने पाहिले ते शेवटी शेवटी, खुर्चीत बसलेले, पायाला कायम बँडेज. ती जखम कधी भरलीच नाही. साखरेचा त्रास असेल असं ती धरून चालली होती.

"तुमच्या पायांचं ठीक आहे हो. माझे आणि चिमीचे साधेच आहेत," ती म्हणाली.

"मग दोन जोड मोजे जास्त घे!"

विषय संपला. चिमी तर वर्षभर या सुट्टीकडे डोळे लावून बसली होती. तिचं वय बारा, आणि आपण आता उतारावर काकालाही मागे टाकणार अशी तिची खात्री होती.

संध्याकाळी नवरा आला. तो एका बेकरीची डिलिव्हरीची गाडी चालवायचा, त्यामुळे त्याच्या अंगाला नेहमी भाजक्या पिठाचा वास असायचा. आल्या आल्या त्याने भावाने पाठवलेला खोका फोडला आणि त्यातले स्कीचे बूट काढले. जाड प्लॅस्टिकचे, नडगीपर्यंत येणारे, चार चार क्लिपांचे. ते घालून तो हॉलमध्ये यंत्रमानवासारखा खाड खाड चालायला लागला. चिमी हसून लोटपोट. मग तिला खांद्यावर बसवून त्याने स्वयंपाकघरापर्यंत फेरी मारली, पुन्हा बाल्कनीपर्यंत, पुन्हा मागे.

"खालच्या मजल्यावरचे येतील आता वर भांडायला," ती म्हणाली.

"येऊ देत. त्यांनाही फिरवतो."

शेवटी दमून तो खुर्चीत बसला आणि बूट काढायला लागला. डाव्या बुटातून पाय बाहेर आला तेव्हा पांढऱ्या मोज्याचा तळवा लालभडक झालेला होता. चिमीचं हसू जागच्या जागी थांबलं.

तिने मोजा सोलून काढला. टाचेत खोल भोक पडलं होतं. बूट उलटा करून झटकला तर आतून एक स्क्रू टाइलवर पडून गडगडत गेला.

"अरे, हे... तुला लागलं नाही?"

तो पायाकडे बघत होता. दुसऱ्या कुणाचा तरी पाय आपल्या मांडीवर आणून ठेवावा, तसा.

"घट्ट होते ना बूट," तो म्हणाला. "कळलं नसेल."

"इतकं? इतकं रक्त?"

"लोखंडी पाय!" त्याने चिमीला डोळा मारला. चिमी हसली, पण जरा उशिराने.

तिने जखम धुतली. जंतुनाशक औषध ओतलं. त्या औषधाने चिमी घर डोक्यावर घ्यायची. तो मात्र टीव्हीवर हवामानाचा अंदाज बघत बसला होता. पाय जरासुद्धा हलला नाही.

त्यानंतर तिच्या नजरेला एकेक गोष्ट खुपायला लागली. जिना उतरताना तो कठडा धरायचा आणि नजर पायरीवरून हलवायचा नाही. गप्पा मारत उतरला तर हमखास अडखळायचा. एकदा तो एकच चप्पल घालून स्वयंपाकघरात आला. दुसरी बाथरूमच्या दारातच राहिली होती, आणि तिने सांगेपर्यंत त्याला पत्ता नव्हता. हे सगळं आधीही होत असणार. आपण त्याला वेंधळा म्हणून मोकळे होत होतो, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ती हातमोज्यांत ठेवायच्या, ऊब देणाऱ्या पुड्या मोजत होती. तो सोफ्यावर आडवा पडला होता, जखमेवर पट्टी, पाय चिमीच्या मांडीवर. चिमीला खेळ सुचला.

"बाबा, डोळे मीट. मी कुठलं बोट धरलंय ते सांग."

"अंगठा."

चिमीने करंगळी धरली होती. ती खिदळली. "आता?"

"मधलं."

तिने कुठलंच बोट धरलं नव्हतं. दोन्ही हात हवेत होते. "आता सांग, आता सांग!" म्हणत तिने सगळी बोटं एकदम मुठीत घट्ट आवळली.

डोळे मिटून तो वाट बघत राहिला. "धर ना लवकर," तो म्हणाला. "कधी धरणार?"

चिमीला वाटलं बाबा नाटक करतोय. ती हसून हसून वाकडी झाली. त्याने डोळे उघडले ते थेट बायकोच्या डोळ्यांत. ती हातात पुड्या घेऊन तशीच उभी होती.

"चिमी, जा, तुझी टोपी सापडते का बघ," ती म्हणाली. पोरगी आत गेल्यावर तिने दार लोटलं.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"माझ्याशी खोटं बोलू नकोस."

तो उठून बसला. "गेल्या हिवाळ्यापासून असेल. आधी बोटं. आता घोट्यापर्यंत. जरा बधिर वाटतं, एवढंच. दुखत नाही काही."

"आणि गाडी? गाडी कशी चालवतोस?"

"बघून."

"काय बघून?"

"पाय," तो हळू आवाजात म्हणाला. "कुठल्या पेडलवर आहे ते बघून घेतो."

शाळेसमोरच्या रस्त्यावरून, बाजारातून, रोज सकाळी तो गाडी नेत होता आणि खाली बघत होता. "तेव्हा रस्ता कोण बघतं?" तिने विचारलं.

"मग काय करू? सांगू मालकाला? दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेईल हातातून. मला दुसरं येतं तरी काय?"

"डॉक्टरकडे चल. उद्या."

"परत आल्यावर जाऊ. वचन देतो. पोरीचा हिरमोड नको. दादाने दुकानातलं सगळं आपल्यासाठी राखून ठेवलंय."

ती खूप बोलली, तोही बोलला. शेवटी ठरलं ते असं की परत आल्यावर लगेच डॉक्टर, वर गेल्यावर तो बाहेर फारसा पडणार नाही, आणि गाडी ती चालवणार. जाताना, येताना, सगळीकडे. त्याने लगेच हो म्हटलं. इतक्या लगेच की तिला त्याचा भरवसा वाटला नाही. पण चिमी आतून टोपी डोक्यावर घालून आली आणि पुढचं बोलणं राहून गेलं. त्याबद्दल नंतर तिने स्वतःला पुष्कळ बोल लावले.

निघायच्या दिवशी सकाळी सगळं सामान तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरवलं. तिथेही तोंडातून वाफा निघत होत्या. खांबावरची ट्यूबलाइट चरचरत होती. थर्मास वरच राहिला म्हणून ती पुन्हा लिफ्टने वर गेली. थर्मास घेतला, गॅस बंद आहे ना बघितलं, खाण्याची पिशवी उचलली आणि कुलूप लावलं.

लिफ्टचं दार खाली उघडलं तेव्हा गाडी सुरू होती. तो चालकाच्या जागेवर होता. सामान जवळ पडावं म्हणून गाडी लिफ्टकडे आणत होता, अगदी सावकाश. पुढे खांबाला टेकून चिमी उभी होती, दोन्ही हातांनी स्की छातीशी धरून, आणि "या, या, या," म्हणून त्याला वाट दाखवत होती.

पिशवीचा बंद तिच्या बोटांत रुतत होता. "चिमी, इकडे ये गं, ही धर आधी," ती म्हणाली. त्यात दुसरं काही नव्हतं. पिशवी जड होती, इतकंच.

चिमीने स्की खांबाला टेकवल्या आणि आली. तिने पिशवीला हात लावला, आणि मागे गाडीने एकदम झेप घेतली. स्की काडकन मोडल्या. पत्रा खांबात घुसला. गाडीच्या दिव्याची काच सगळीकडे उडाली. गाडी थांबली, पण इंजिन थांबलं नाही. ते गुरासारखं ओरडत होतं, चाकं जागच्या जागी फिरत होती, रबर जळल्याचा धूर पार्किंगभर पसरत होता.

पिशवी टाकून ती धावली. त्याने दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून धरलं होतं, अंग ताठ, चेहरा पांढराफटक.

"ब्रेक दाबलाय मी!" तो ओरडत होता. "दाबलाय मी ब्रेक! थांबत का नाही ही?"

तिने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. एकदम शांतता झाली. त्याने खाली बघितलं. पाय कुठल्या पेडलवर आहे ते त्याला आत्ता दिसलं. मग त्याने वर बघितलं, मोडलेल्या स्कींकडे, खांबाकडे.

"चिमी कुठाय?" त्याने विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "ती बघ. आहे."

त्याच दिवशी तो आपणहून दवाखान्यात आला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी त्याच्या घोट्यावर, नडगीवर, गुडघ्यावर एक थरथरणारा धातूचा नादकाटा टेकवून बघितला. त्याला ती थरथर गुडघ्याच्या जरा खाली जाणवली, त्याखाली काहीच नाही. साखर तपासली, ती ठीक निघाली. मग त्यांनी वडिलांबद्दल विचारलं. तो सांगायला लागला, अनवाणी चालायचे, जखम भरत नव्हती, आणि सांगता सांगताच हळूहळू थांबला.

"भावंडं आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक भाऊ."

"त्यांच्याशी बोलून घ्या. आजच."

बाहेरच्या बाकावर बसून त्याने फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडून वाऱ्याचा घोंगाट आला. मोठे दीर उतारावर होते.

"कुठवर आलात रे?"

"आम्ही येत नाही, दादा. माझ्या पायांना काही जाणवत नाही. घोट्याच्या वरपर्यंत. वर्ष झालं."

"तुला पण?" दीर म्हणाले.

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

"बाहेर कधीपासून आहेस?" त्याने विचारलं.

"सकाळपासून. तुमच्यासाठी उतार बघत होतो."

"दादा, दुकानात जा आणि बूट काढ."

"आत्ता? गिऱ्हाईकं खोळंबलीत माझी..."

"दादा, बूट काढ! मी फोन ठेवत नाही."

बर्फ करकरत गेल्याचा आवाज आला. दार उघडलं, वारा तुटला. मग क्लिपा, एकामागून एक. मग बराच वेळ नुसता श्वास.

"रंग कसा आहे?"

"पांढरा. मेणासारखा." दिरांचा नेहमीचा चढा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "ठोकला तर टकटक वाजतोय रे. आणि उजवा अंगठा... तो काळा दिसतोय."

"दुखतोय?"

"नाही ना," दीर म्हणाले, आणि रडायला लागले.

त्यांना गावातल्या लोकांनी खाली आणलं. पाय वाचले, उजव्या पायाची बोटं गेली. पायांच्या नसा बधिर करत जाणारा तो आजार बाबांकडून, रक्तातूनच आलेला होता. त्यावर औषध नाही, जपणं तेवढं हातात. सकाळ-संध्याकाळ पाय डोळ्यांनी तपासायचे, आंघोळीचं पाणी किती कढत आहे ते आधी कोपर लावून बघायचं, आणि गाडी चालवायची नाही. नवऱ्याने स्वतः जाऊन मालकाला सांगितलं आणि किल्ली टेबलावर ठेवली. मालकाने त्याला गल्ल्यावर बसवलं. गिऱ्हाइकांशी गोड बोलायला तो शिकतो आहे, पण सकाळी डिलिव्हरीची गाडी निघताना तो तिकडे बघत नाही.

दिरांना भेटून परत येताना ते तिघं बसमध्ये मागच्या सीटवर बसले होते. चिमी मध्ये. तिकडे काकांशी ती भरपूर बोलली होती, त्यांना हसवलंही होतं. बसमध्ये मात्र गप्प.

"आई, मला पण होणार का?"

काहीतरीच काय, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण या घरात फार वर्षं सगळे काहीतरीच बोलत आले होते.

"माहीत नाही," ती म्हणाली. "होईल किंवा नाही होणार. रक्त तपासलं की कळतं म्हणे."

"कधी तपासायचं?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने चिमीचा हात हातात घेतला.

"डॉक्टरीणबाईंशी बोलू आपण," तो म्हणाला. "पण तू तयार असशील तेव्हाच. कुणी घाई करणार नाही."

चिमी खिडकीबाहेर बघत राहिली. रस्त्याच्या कडेला साचलेला बर्फ धुराने काळा पडला होता.

"आत्ता नको," ती थोड्या वेळाने म्हणाली. मग बस एका वळणावर कलली आणि तिने दोघांचे हात घट्ट धरले. "पण फार उशिरा पण नको."