मेस्त्रींची शांत जागा

मेस्त्रींच्या कानाची ख्याती साऱ्या गॅरेज-गल्लीत होती. गाडी सुरू करायची, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि डोळे मिटायचे. मग मेस्त्री सांगत, "दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तोच. तीस वर्षांत निदान चुकलं नव्हतं. पाने काय, कुणीही फिरवतो; मेस्त्रींचं पोट या कानावर होतं आणि ऐटही.

अशा माणसाला वर्षभरापूर्वी दुपारच्या सुट्टीत स्तूपावर जाऊन बसायचा नाद लागला. स्तूप अगदी चार रस्ते मिळतात तिथे, मधोमध. खाली गाड्यांची नुसती झुंबड, पण पायऱ्या चढून पांढऱ्या घुमटाच्या सावलीत टेकलं की चिडीचूप. वर छत्राला पितळी घंटा टांगल्या होत्या, त्या नुसत्या हलायच्या, शोभेच्या असाव्यात. आणि बंद दाराआडून भिक्खूंच्या पठणाचा सलग, खर्जातला सूर यायचा.

"जुन्या लोकांनी काय बांधलंय!" घरी येऊन मेस्त्री सांगत. "भर चौकात बसवलंय, पण आवाजाचा टिपूस आत येत नाही."

घरही अलीकडे शांत झालं होतं. बायको पूर्वी तोफखाना होती. आता समोर येऊन दोन शब्दांत काम भागवायची. वय झालं की माणसं मऊ होतात, अशी मेस्त्रींनी आपली समजूत करून घेतली होती. खरं सांगायचं तर ती समजूत सोयीचीही होती.

आज तीच म्हणाली, "एवढं कौतुक चाललंय, तर बघू तरी तुमची शांती."

मेस्त्रींनी तिला मोठ्या थाटात आपल्या नेहमीच्या जागी बसवलं, शेजारी बसून डोळे मिटले. थोड्या वेळाने पाहतात तर बायको दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेली.

"काय झालं गं?"

ती त्यांच्या कानाशी वाकून ओरडली, "अहो, डोकं फुटायची वेळ आली! ही कसली शांत जागा?"

"थट्टा करतेस का?"

"थट्टा कसली? ते हॉर्न, तो समोर रस्ता फोडतायत तो ठणाणा! या वरच्या घंटा तेवढ्या गोड वाजतायत."

मेस्त्रींनी वर पाहिलं. घंटा हलत होत्या.

"त्या वाजत नाहीत," ते म्हणाले.

बायको हसायला लागली आणि त्यांचा चेहरा पाहून मध्येच थांबली.

"आणि पठण? आतलं पठण तरी येतंय ना ऐकू?"

ती गोंधळून इकडेतिकडे बघायला लागली. पायरी झाडणाऱ्या राखणदाराने हे ऐकलं. चौकाच्या गोंगाटात राहून त्याला ओरडूनच बोलायची सवय होती. "आत कोण असणार काका? दुरुस्तीसाठी वर्ष झालं कुलूप लावून. पलीकडच्या दाराला लावलंय, बघा की!"

मेस्त्रींनी दोन्ही तळव्यांनी कान घट्ट दाबले. पठण चालूच राहिलं.

हे शक्य नव्हतं. कालच एका गाडीचं बेअरिंग त्यांनी ओळखलं होतं! पण ओळखलं होतं ते हाडाने, स्क्रू-ड्रायव्हर टेकवून. आणि गॅरेजमध्ये सगळे बोंबलूनच बोलतात, तिथे कुणाला कळणार?

तरी खिशातला स्क्रू-ड्रायव्हर त्यांनी काढलाच. टोक पायरीच्या दगडावर रोवलं, मूठ कानामागे दाबली.

आणि सगळं शहर एकदम डोक्यात शिरलं. रस्ता फोडणारं मशीन, ट्रकची धडधड, चाकांमागून चाकं. वर्षभर ज्या दगडावर ते शांत बसत होते, तो असा क्षणभरही न थांबता थरथरत होता. मेस्त्रींनी हात झटकन मागे घेतला. पुन्हा सगळं गप्प झालं. तीस वर्षांत त्यांना शांततेची भीती वाटली नव्हती, ती आता वाटली.

त्यांनी मान वळवली. बायको मागे उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

"हाक मारत होतीस? कधीपासून?"

ती पुढ्यात आली. "आज, का एकूण?"

मेस्त्री तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"मला वाटायचं, मुद्दाम करता," ती मोठ्याने, एकेक शब्द तोडून म्हणाली. "मग बोलणंच सोडलं."

मऊ झाली म्हणे! मेस्त्रींना स्वतःच्या मूर्खपणाची लाज वाटली. त्यांनी टोक सदऱ्याला पुसलं, स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि हात अर्ध्यातच थांबवला. चारचौघांत हे कसं दिसेल, असं त्यांच्या मनात आलं असावं. बायकोनेच ते टोक धरून आपल्या हनुवटीला लावलं. मेस्त्रींनी मूठ कानामागे टेकवली.

"अहो," ती म्हणाली.

आवाज घोगरा होता, मध्येच फाटत होता. हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

"तुझ्या गळ्याला काय झालं?"

"ओरडून ओरडून झालंय हे," ती म्हणाली. "मागच्या वर्षीच."

मेस्त्रींचे डोळे भरून आले. मूठ त्यांनी तशीच धरून ठेवली.

"बोल," ते म्हणाले. "पहिल्यापासून सगळं सांग."