सात दातांतली चांदी

दातांच्या दवाखान्यात मी एकतीस वर्षं मदतनीस होतो. खुर्ची पुसणं, हत्यारं उकळणं हे होतंच, पण माझं खरं काम म्हणजे दातात भरायची चांदी मळणं. काचेच्या खलात चांदीची पूड घ्यायची, त्यात पाऱ्याचे थेंब सोडायचे आणि घोटायचं. तो गोळा फडक्यात घालून पिळला की जास्तीचा पारा गळून पडायचा. मग तळहातावर घेऊन अंगठ्यानं मळायचं. बोटाखाली करकर वाजायला लागली की गोळा तयार. हातमोजे नव्हतेच. थोरले डॉक्टर म्हणायचे, "याचा अंगठा बोलल्याशिवाय माझं पुढचं काम होत नाही." मला त्याचा अभिमान वाटायचा.

फरशीवर सांडलेला पारा मी पुठ्ठ्यानं गोळा करून बाटलीत परत भरायचो. बाटलीवर काय लिहिलंय ते मला वाचता येत नव्हतं.

वाचायला शिकवलं बायकोनं, माझ्या चाळिशीनंतर. ती औषधांच्या दुकानात पुड्यांवर नावं लिहायची. अक्षर टपोरं, वरची रेघ दोरी ताणल्यासारखी. मी शिरोरेषा वाकडी काढली की म्हणायची, "अहो, याच्यावर कपडे वाळत घातले तर सगळे एका टोकाला घसरतील." वर्षभरात मी पेशंटांची कार्डं वाचून लावायला लागलो. आणि एका सकाळी बाटली हातात घेतली, तर लाल शाईत दोनच अक्षरं होती. विष.

मी थोरल्या डॉक्टरांना दाखवलं. ते हसले. "प्यायची नाही, एवढंच." मी पुन्हा मळायला बसलो.

बायकोच्या सात दातांत चांदी होती. सातही गोळे माझ्या हातचे. त्यातले दोन मी तो शब्द वाचल्यानंतर मळलेले.

दोन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरायला लागला. आधी अंगठा, मग सगळा पंजा, तेही हात मांडीवर नुसता ठेवला की जास्त. चालही मंदावली. लेकीनं मोबाईलवर काहीतरी वाचून दाखवलं, की दातातल्या चांदीत पारा असतो, त्यानं हात कापतात, चांदी काढली की माणूस बरा होतो. लेकीनं सहज वाचलं आणि भाजी निवडायला लागली. मी मात्र मोबाईल मागून घेऊन ते पुन्हा दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी मी बायकोला घेऊन आमच्याच दवाखान्यात गेलो. थोरले डॉक्टर गेल्यावर त्यांची मुलगी तिथं बसते. तिनं सातही दात नीट तपासले.

"काका, चांदी पक्की बसलीय. पक्क्या चांदीतून पारा निघतो, पण अगदी जरासा. चांदी उकरताना तो जास्त निघतो. हात लावायचं कारण नाही."

"मग हात का कापतो?"

"ते दातांच्या डॉक्टरला कसं कळणार? मेंदूच्या डॉक्टरकडे न्या. या आठवड्यातच न्या." मग ती म्हणाली, "तुमचे हात पुढे करा बघू."

मी केले. माझे हात दगडासारखे स्थिर.

"एकतीस वर्षं उघड्या हातानं पारा मळलात तुम्ही. कापायचे असते तर आधी तुमचे कापले असते."

बायको खुर्चीतून म्हणाली, "यांच्या हातांना तेवढी अक्कल नाही." दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मला वाटलं, बापाचं काम आहे, मुलगी चूक कशी कबूल करेल? शिवाय चांदी मीच मळलेली. कुणाच्या दातात चांदी कशी बसते, हे मला या पोरीपेक्षा जास्त कळतं असं मला वाटत होतं.

मी दुसरा दवाखाना शोधला. तिथल्या डॉक्टरनं एकही प्रश्न विचारला नाही. चार बैठकांत सगळी चांदी उकरली. बायको तोंड उघडून बसायची आणि मी दाराशी उभा राहायचो. यंत्राचा तो आवाज मी हजारदा ऐकलेला, पण तेव्हा तो माझ्या कवटीत फिरत होता. जुनी चांदी दातात घट्ट रुतली होती. माझा गोळा कधी ढिला नसायचाच. दोन दाढा मुळापर्यंत चिरल्या, त्या काढाव्या लागल्या. उरलेल्या दुखत राहिल्या.

मी वाट बघत बसलो. रोज सकाळी तिचा हात हातात घेऊन बघायचो. "आज जरा कमी वाटतंय, नाही?" ती म्हणायची, "हो, कमी आहे." असे आठ महिने गेले. मग एके दिवशी ती अंगणातल्या पायरीवर पडली, आणि लेकीनं माझं न ऐकता मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं.

त्यांनी तिला चालवलं, बोटं उघडमीट करायला लावली, मग कागद पुढे ठेवला. "मनात येईल ते एक वाक्य लिहा."

तिनं लिहिलं, आज मला बरं वाटतंय. पहिला शब्द बरा होता. शेवटचा मुंगीएवढा झाला होता.

"अक्षर असं कधीपासून लहान झालं?"

ती माझ्याकडे बघायला लागली. माझ्या पाकिटात तिच्या हातच्या सामानाच्या याद्या असतात, मी त्या टाकत नाही. मी जुनी यादी काढली. हात कापायला लागायच्या वर्षभर आधीची. वर टपोरं अक्षर, खाली येईतो बारीक. ती मी दुकानात नाकाशी धरून वाचली होती आणि घरी येऊन म्हणालो होतो, "कागद वाचवतेस की काय?"

डॉक्टर म्हणाले, हा मेंदूचा आजार आहे, चांदीशी त्याचा संबंध नाही. तो मुळातून जात नाही, पण गोळ्यांनी हालचाल सोपी होते. आधी आला असतात तर हे आठ महिने इतके जड गेले नसते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "तुला पटलं होतं का, चांदीचं?"

"नाही."

"मग दात का उकरू दिलेस?"

"तुम्ही जेवताना रोज माझ्या तोंडाकडे बघत होतात. घास मी घ्यायचे आणि अडकायचा तुमच्या घशात. म्हटलं, जाऊ दे ती चांदी, निदान स्वतःच्या ताटात बघाल."

"आणि हात कमी कापतोय म्हणायचीस ते?"

तिनं पदरानं तोंड पुसलं.

गोळ्यांनी आता ती थोडी बरी चालते. चावता मात्र येत नाही. भात मी तिच्यासाठी तळहातावर घेऊन अंगठ्यानं मऊ मळतो. मळताना करकर वाजत नाही, तरी माझे कान तिकडेच असतात. यादी आता ती सांगते आणि मी लिहितो. काल शेजारी बसून कागदाकडे बघत म्हणाली, "रेघ सरळ काढा, कपडे घसरतील."

मी पुसून पुन्हा काढली.