सुपातली शाळा

मी एक जुने सूप आहे. सिंदेवाहीपासून थोडे आत, तलावाकाठच्या एका छोट्या टोलीत, म्हणजे वस्तीत, मी राहते. मित्रांनो, सुपाने धान्य पाखडायचे, एवढेच तुम्हाला ठाऊक असेल. मलाही तेवढेच ठाऊक होते. पण उतारवयात माझ्या वाट्याला एक वेगळेच काम आले.

झाडू नावाच्या कारागिराने मला विणले. हिरवा बांबू उभा चिरून त्याने पातळ कामट्या काढल्या, पाण्यात भिजवल्या आणि दिवसभर बसून माझी वीण घातली. गुणाबाईने मला आठवडी बाजारात पाहिले. घेण्याआधी तिने मला रिकामेच दोनदा झटकले आणि म्हणाली, "हात बसते याच्यावर." त्यानंतर अकरा वर्षे आमची जोडी टिकली. तूस पुढे उडायचे, तांदूळ मागे राहायचा. शेजारच्या बाया मला मागून न्यायच्या आणि परत देताना माझे कौतुक करायच्या.

मग गुणाबाई वारली. तिची सून प्रेमिला हिने बाजारातून निळे प्लास्टिकचे सूप आणले. तोवर माझा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. मला सपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या, बाजेखाली सरकवून दिले. तिथे फाटकी जाळी होती, एक फुटका माठ होता आणि मी. दोन वर्षे मला कोणी हात लावला नाही.

प्रेमिलाचा नवरा सुरेंद्र तलावात मासे धरतो. त्यांना एकच मुलगी, रोशनी. ती साडेचार वर्षांची असताना, त्या हिवाळ्यात, अंगणवाडीच्या वाटेवर वाघ दिसला. अंगणवाडी मोठ्या गावात, मध्ये दीड किलोमीटर जंगल. आठ दिवसांनी त्याच वाटेवर वाघाने एक बकरी नेली. टोलीतल्या लोकांनी लहान पोरांना पाठवणे बंद केले. रोशनीही घरी बसली.

प्रेमिलाला ते सोसेना. तिने सिंदेवाहीहून पाटी, पेन्सिल आणि अक्षरांचा तक्ता आणला. तक्ता भिंतीला लावला आणि स्वयंपाक आटोपला की रोशनीला समोर बसवू लागली. पोरीचा हात आपल्या हातात धरून ती 'अ' काढून घ्यायची. हात आखडला की दाबायची. तासभर, कधी दोन तास.

"अशी नाई. पुन्हा काढ."

रोशनी काढायची. मग रडायची. मग तिने रडणेही सोडले आणि ती काही बोलेनाशी झाली. पाटी दिसली की ती बाजेखाली शिरायची आणि मुठी घट्ट मिटून माझ्या शेजारी पडून राहायची. तिचा श्वास माझ्या कामट्यांना लागायचा. मी तरी काय करणार होते?

एके दिवशी सुरेंद्रने जाळे विणता विणता विचारले, "काऊन तरास देऊन राह्यली तिले? चार वर्साची पोर हाय."

"मले आठवीत शाळा सोडा लागली," प्रेमिला म्हणाली. "हिचं तसं होऊ द्याचं नाई मले. बाकीची पोरं पुढं जातीन अन् ही मागं राहीन."

"पुढं जाचं म्हून बोलनंच सोडलं का तिनं?"

 त्या दिवशी प्रेमिलाने पाटी काढली नाही.

दुसऱ्या सकाळी ती पाण्याला गेली असताना रोशनीने मला बाजेखालून ओढून बाहेर काढले. तिने चिंचोके आणले, मोहाच्या बिया आणल्या, तलावावरून वेचलेले शिंपले आणले. सगळे माझ्यात ओतले आणि एकेक वेगळे करू लागली. चिंचोके एका बाजूला, शिंपले दुसऱ्या बाजूला. मग तिने शिंपल्यांवर बोट ठेवले.

"एक, दोन, तीन, पाच."

प्रेमिला डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याची घागर, घेऊन दारात उभी होती. किती तरी दिवसांनी ती पोरीचा आवाज ऐकत होती. 'चार' हा शब्द तिच्या ओठांवर आलेला मला दिसला. तिने तो गिळला. गुंड खाली ठेवून ती हळूच माझ्या पलीकडे बसली आणि तिनेही शिंपले मोजायला सुरुवात केली, स्वतःशीच. "एक, दोन, तीन, चार." रोशनीने तिच्याकडे पाहिले. मग बाजेखाली न पळता तिने आणखी एक शिंपला आईपुढे सरकवला.

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. आधी माझी दुरुस्ती झाली. प्रेमिलाने जुने कागद भिजवले, चिकटपणासाठी मेथी वाटली, आणि दोघींनी मिळून तो लगदा माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्यावर थापला. रोशनीची पाच बोटे अजून तिथे उमटलेली आहेत. हाच तिचा पहिला धडा, असे प्रेमिला म्हणाली.

सुरेंद्र तलावावर गेला, चहा झाला, की मला सपरीत मांडले जायचे. आधी दोघी अंगणात जाऊन आज नवे काय आहे ते बघायच्या: मुंग्यांची रांग, पळसाची कळी, काहीही. मग माझ्यात त्या दिवसाची एकच गोष्ट यायची. कधी तीन प्रकारची पाने, कधी बारीक वाळू, त्यात बोटाने रेघा काढायच्या. शेवटी एक गोष्ट सांगायची आणि मला पालथे घालायचे. मी पालथे झाले की शाळा सुटली. अर्धा तास, त्याहून जास्त नाही. मध्येच रोशनी उठून गेली, तर त्या दिवशी तेवढेच.

महिन्यातून एकदा अंगणवाडीच्या दीपालीताई चार माणसांसोबत पोषण आहार घेऊन यायच्या. प्रेमिलाने भीतभीत विचारले, "ताई, अक्षरं अजून येत नाई हिले. चुकून तं नाई राह्यली मी?"

दीपालीताईंनी वाळूतल्या रेघा पाहिल्या. "बाई, आधी हात तयार होऊ द्या," त्या म्हणाल्या. "अक्षरं येतात मागून. रोज बसते ना ही आपल्या मनानं? मंग झालं."

पण भाताच्या रोवणीचे दिवस आले आणि सगळे बिघडले. प्रेमिला पहाटे चिखलात उतरायची आणि संध्याकाळी वाकलेली कंबर घेऊन परत यायची. रोशनी सकाळी मला सपरीत मांडून वाट बघत बसायची. चौथ्या दिवशी तिने बापाची बाही धरली.

"बाबा, शाळा."

"मले काय येते शिकवाले?" सुरेंद्र म्हणाला. "मले माझंच नाव धड नाई येत लिवता."

पोर हलेना. शेवटी त्याने सकाळची मासोळी माझ्यात ओतली. मरळ, रोहू, झिंगे. "घे, लाव बरं जात जात," तो म्हणाला. रोशनीने एकेक जात वेगळी लावली. मग त्याने विचारले की मरळीला खवले कसे असतात, झिंग्याला पाय किती. ती पाय मोजू लागली. मोजता मोजता चुकली तेव्हा तो म्हणाला, "मले बी नाई माहीत. मोज पुन्हा, आपुन दोघं पाहू." पंधरा दिवस ती शाळा त्यानेच चालवली. माझ्या अंगाला मासळीचा वास बसला तो महिनाभर गेला नाही, पण मला त्याचे वाईट वाटले नाही.

पुढच्या जूनमध्ये रोशनीला मोठ्या गावातल्या शाळेत पहिलीत घालायची वेळ आली. वनखात्याने वाटेच्या कडेची झुडपे तोडली होती, आणि टोलीतल्या लोकांनी पाळी लावली होती. रोज दोन मोठी माणसे पोरांसोबत जातात. पहिल्या दिवशी प्रेमिला स्वतः गेली. तिथे काय झाले ते तिने घरी येऊन सुरेंद्रला सांगितले, तेव्हा मी ऐकले.

गुरुजींनी विचारले, "काय काय येतं हिला?" प्रेमिला घाबरून म्हणाली, "सर, अक्षरं पुरी नाई येत. सात-आठच येतात." गुरुजींनी रोशनीला बसायला सांगितले. दाराशी दोन पोरे आईला धरून रडत होती. रोशनी उभीच राहिली आणि तिने विचारले, "किती वेळ बसाचं?"

"घंटी होईपर्यंत," गुरुजी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली आणि पहिल्या ओळीत जाऊन बसली.

प्रेमिला बराच वेळ कुंपणाशी उभी होती. आतून रडण्याचा आवाज आला, पण तो आपल्या पोरीचा नव्हता. मग ती घरी आली. सुरेंद्रला एवढे सांगून झाल्यावर ती सपरीत बसली आणि तिने मला मांडीवर घेतले. माझ्यात काहीच नव्हते. ती माझ्या काठावरून हात फिरवत राहिली.

मित्रांनो, आता माझी वीण सैल झाली आहे. धान्य पाखडायला मी उपयोगाचे नाही. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरी एखादे धाकटे भावंड शिकू लागले असेल, तर त्याच्याजवळ रोज थोडा वेळ बसा. त्याचा हात ओढू नका. ते चुकले तर जरा थांबा. आणि ते उठून खेळायला पळाले, तर पळू द्या. उद्या त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा बसा. ते येईल.