शाळेतला ओला गहू

टकळीने वर्गाच्या दारात दप्तर आपटलं, कमरेवर हात ठेवले आणि आजोबांशी भांडण मांडलं. वर्गभर आजोबांचा गहू पसरला होता. ऐन कापणीत कधी नव्हे तो पाऊस कोसळला, खळ्याचा चिखल झाला, घर ठिकठिकाणी गळायला लागलं. कोरडी फरशी उरली ती शाळेत.

टकळी चौथीत दुसऱ्यांदा बसली होती. डोकं चांगलं होतं, तोंड त्याहून चांगलं होतं. पण गेल्या वर्षी आधी उन्हाच्या तडाख्यानं शाळा बंद राहिली, मग पुरात घरं गेलेली माणसं वर्गात राहायला आली, आणि परीक्षा झालीच नाही. यंदाची आठवड्यावर आली होती.

“एक वर्ष गेलं तर काय बिघडतं? चौथी आवडते ना तुला?” आजोबा म्हणाले.

“आवडते म्हणून तिथंच म्हातारी होऊ?”

बाईंनी वाकून गव्हात हात घातला. “आजोबा, आतून तापलाय हा. तासातासाला परतला नाही तर कुजेल.”

आजोबांचं तोंड उतरलं. घराचं छप्पर शाकारायचं सोडून इथे दिवसभर कोण थांबणार? टकळीने संधी सोडली नाही.

“आम्ही पायानं परततो. पण शाळा भरवायची!”

मग पोरं पाय धुऊन, रांगेनं, गव्हात सऱ्या पाडत पाढे म्हणू लागली. सतराच्या पाढ्याला सगळ्यांचे पाय अडखळत आणि तिथेच घोटाळत, त्यामुळे तिथला गहू सर्वांत आधी वाळला. पाचव्या दिवशी आजोबा पोती भरून गहू घेऊन निघाले, तर दारात शेजारी ओल्या गव्हाची गाडी घेऊन हजर.

“या पोरांच्या पायाला गुण आहे म्हणे. माझाही टाकतो आत.”

टकळीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आजोबांना ते बघवलं नाही. त्यांनी दारात काठी आडवी धरली.

“ही शाळा आहे, खळं नाही!”

सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांच्या मिशीत अजून गव्हाचं कुसळ अडकलेलं होतं. शेजारी म्हणाला, “मग मी कुठं जाऊ?”

“माझ्या घरी चल. छप्पर झालंय.”

दुपारी परीक्षेची उजळणी करून टकळी घरी आली, तर आजोबा धोतर खोचून शेजाऱ्याच्या गव्हात फेऱ्या घालत होते.

“आजोबा, पाढे म्हणत चाला. कंटाळा येत नाही.”

“मला कुठले येतात? माझ्या वेळी दारात काठी आडवी धरणारं कुणी नव्हतं.”

टकळी चपला काढून त्यांच्या मागे उभी राहिली.

“म्हणा, बे एके बे.”

“हळू सांग गं. खोली मोठी आहे, फेरी संपायला वेळ आहे.”