काचेतला तळवा

“कोणाचा विश्वास बसायचा नाही, पण काल मी रिहेईचा हात हातात घेतला,” गेन्पाची म्हणाला आणि पोट फाडलेलं माकूळ त्यानं पाटीत भिरकावलं.

मासळी सुकवायच्या शेडमधल्या सगळ्या सुऱ्या थांबल्या. वाळवणाच्या दोऱ्यांपाशी कियो पाठमोरी उभी होती. तिच्या हातातलं माकूळ दोरीवर टाकायचं तसंच राहिलं.

रिहेई तिचा नवरा. पानगळीच्या दिवसांत त्याची होडी रिकामीच सापडली, खाडीच्या तोंडाशी, इंजिन चालूच, गोल गोल फिरत. देह मिळाला नाही. देवळातले भिक्षू म्हणत, आता विधी उरकून घ्या. कियोचं एकच म्हणणं होतं: त्यांना शेवटचं कोणी पाहिलं ते कळू दे, मग उदबत्ती लावीन. आणि गावात तर कोणीच पाहिलं नव्हतं.

“सकाळी सकाळीच चढवलीय वाटतं,” म्हातारी तोशी म्हणाली. “मागच्या खेपेला तुझ्याशी देवमासा बोलला होता.”

“बोलला नव्हता, खोकला होता. तू ऐक तर, तोशीआजी. वसंतातल्या जत्रेत विद्यापीठाची पोरं आली होती ना, आपल्या सगळ्यांच्या तळव्यांची नोंद घ्यायला त्यांवरून तो यंत्राचा काटा फिरवत? ते सगळं आता शहरातल्या संग्रहालयात काचेत भरून ठेवलंय. दिसायला साधी गुळगुळीत काच. पण बोट ठेवलं की अशी बारीक थरथरते, की बोटाला वाटावं खरीच वस्तू आहे. दोर मागा, दोर. दगड मागा, दगड. मी वाम मासळी मागितली, तर पठ्ठी काचेतून निसटून पळाली! पहारेकरी अजून बाकांखाली शोधतोय.”

हशा पिकला. रिहेई असता तर सगळ्यात मोठ्यानं तोच हसला असता. दोघं एका होडीत वाढलेले. तो गेल्यापासून गेन्पाची रोज कियोच्या दाराशी मासळी ठेवून जाई. दार मात्र कधी वाजवत नसे.

“मग?” कियोनं न वळताच विचारलं.

गेन्पाचीचा आवाज खाली आला. “मग, वहिनी, तुमच्या माणसाचं नाव सांगितलं. तोच हात. दोरानं पडलेले घट्टे, वाकडी करंगळी. मी बोट फिरवत गेलो, तर त्यानं माझी बोटं धरली. अशी. सोडेचना.”

“काच कधी हात धरते होय रे, मेल्या?” तोशी म्हणाली.

“धरते.” गेन्पाचीची मूठ आवळली होती, नखं पांढरी पडली होती. हसू चेहऱ्यावर नुसतंच राहून गेलं होतं. “बर्फासारखा गार हात. आणि अंगठ्याच्या मुळाशी ती चीर, तिरपी, उकललेली, बुळबुळीत. तिच्यापायीच पकड सुटत होती त्याची. मी म्हटलं, अरे, दुसऱ्या हातानं धर, दुसऱ्या...”

कियो दोऱ्यांखालून वाकून पुढे आली आणि त्याच्या समोर उभी राहिली.

“खोटं बोलताय तुम्ही, भावोजी.”

“अहो वहिनी, आपली गंमत...”

“जत्रेत त्यांचा हात काट्याखाली ठेवला तेव्हा मी शेजारीच उभी होते. तळव्याला ओरखडासुद्धा नव्हता. ती चीर ते नाहीसे झाले त्या दिवशीच्या पहाटेची. कालव उघडताना सुरी निसटली. चिंधी मीच घट्ट बांधून दिली, आणि ते तसेच उठून धक्क्यावर गेले.”

तोशीनं सुरी हळूच खाली ठेवली.

“त्या दिवशी तर तुमची पाठ धरली होती ना? दिवसभर अंथरुणातून उठला नव्हतात ना तुम्ही?”