आधी खोली आत, मग गाडी

माझ्या चारी बाजूंच्या रबराची शपथ, माझ्या मोटरीची शपथ, छपरातल्या त्या गळक्या स्क्रूचीसुद्धा शपथ! आता जे सांगणार आहे, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर मी अर्ध्यावर अडकून पडेन. तशी मी एरवीही अर्ध्यावर अडकते, पण ते वेगळं. तेच तर सांगायला बसलेय.

मित्रांनो, मी एक जुनी सरकती खोली आहे. पिकअपच्या मागे जोडून ओढत नेतात ना ते चाकांवरचं घर, त्याच्या कुशीत मी राहते. रस्त्यावर असताना पोट आत ओढून गप्प बसायचं. मुक्कामाला पोचलं की कोणीतरी बटण दाबतं आणि मी टेबलाच्या खणासारखी बाजूने बाहेर येते. माझ्या अंगावर एक सोफा, एक जेवायचं टेबल आणि एक मोठी खिडकी. मी बाहेर असले की घरात दोन माणसं नाचू शकतात. मी आत असले तर एकाला शिंक आली की दुसऱ्याने अंगणात जायचं.

माझा जन्म अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यातला. ज्या बाईनं माझी भिंत चिकटवली, तिनं तोंडातलं च्युइंगगम काढून माझ्या कोपऱ्यात दाबलं आणि वरून फुलाफुलांचा कागद लावला. शी! अजून आहे ते तिथेच. दमट हवेत मऊ पडतं. जन्मल्या जन्मल्या कोणाचं तरी उष्टं अंगाला लागलं, तेव्हाच मी ओळखलं की पुढे काय काय लागणार आहे.

मला घेतलं आर्कान्सातल्या डॉयल आणि ओनीटानं. डॉयलनं सगळा जन्म शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर दोघांनी राहतं घर विकलं आणि आम्हालाच घर केलं. दुसरं घर नाही, दुसरा पत्ता नाही. नदीकाठी दगडगोट्यांवर एक मोकळा कॅम्प होता, तिथे मुक्काम. विजेचा खांब नव्हता. छपरावरची सोलर आणि पुढची बॅटरी, त्यावर सगळा कारभार.

सुरुवातीला माझा काय थाट होता म्हणून सांगू! शेजारपाजारच्या बाया मला बघायला यायच्या. "अगं ओनीटा, हा तर दिवाणखाना झाला!" ओनीटा माझ्या खिडकीशी बसून मटार सोलायची आणि नदीवर नजर ठेवायची, जणू नदी तिच्या परवानगीनं वाहते.

डॉयलचे मात्र नियम. बस चालवून चालवून माणसाच्या हाडात नियम शिरले होते. निघताना तो मोठ्यानं म्हणायचा, "आधी खोली आत, मग गाडी!" गाडी म्हणजे आम्हाला ओढणारी पिकअप, ती जोडायची शेवटी. पोचल्यावर म्हणायचा, "आधी गाडी सोडा, मग खोली बाहेर!" मागे चाळीस पोरं बसली असावीत असा आवाज. मागे असायची एकटी ओनीटा, आणि ती म्हणायची, "हो सर, मी सीटखाली च्युइंगगम लावलेलं नाही सर."

इथवर बरं होतं. मग मी एकदा कुरकुरले. म्हातारपण हो, दुसरं काय! सरकताना रुळावर जरा कर्र झालं, तर डॉयल उठला आणि चुलीशेजारचा कॉफीचा डबा घेऊन आला.

त्या डब्यात कॉफी नव्हती. रोज सकाळी तो बेकन तळायचा आणि उरलेली डुकराची चरबी त्या डब्यात ओतून ठेवायचा. पिवळट, दाणेदार, वर करपलेले काळे कण.

ओनीटा म्हणाली, "डॉयल, दुकानात या कामाचा फवारा मिळतो. जा, घेऊन ये."

"फवारा कशाला? माझ्या आजोबांनी बिजागरीपासून बंदुकीपर्यंत सगळ्याला हेच लावलं."

"म्हणूनच तुझ्या आजोबांच्या घरात कुत्री दारं चाटत बसायची. मी पाहिलंय डोळ्यांनी."

ऐकेल तो डॉयल कसला! बोटं बुचकळून बुचकळून त्यानं माझ्या रुळांना ती चरबी फासली. मित्रांनो, आजही आठवलं की माझे पत्रे शहारतात. उन्हात ती वितळायची आणि माझ्या पोटाखालून थेंब थेंब ओघळायची. थंडीत गोठून तिच्यात केस, माश्यांचे पंख, नदीतल्या मासळीचे खवले, काय वाटेल ते रुतून बसायचं. वास तर असा की नदीतले मासे पलीकडच्या काठाने पोहायला लागले. एक रॅकून, म्हणजे तिकडचा मांजराएवढा चोरटा जंगली प्राणी, रोज येऊन माझे रूळ चाटायचा. चाटून चाटून असा लठ्ठ झाला की त्याला झाडावर चढता येईना, आणि शेवटी तो कॅम्पभर शिडी शोधत फिरायला लागला. हसताय काय? शपथ घेतलीय मी.

मग आले उंदीर. जेवायला माझ्याकडे आणि राहायला पुढच्या बाजूला, बॅटरीच्या पेटीमागे. तिथे उबदार कोपरा आहे. तिथेच एक काळी जाड वायर बोल्टने लोखंडाला आवळलेली आहे. आता वीज म्हणजे पाहुण्यासारखी. आली तशी तिला परत जायलाही वाट लागते. माझ्या मोटरीतून निघालेली वीज त्या बोल्टवाटे बॅटरीत परत जायची. आणि त्या बोल्टवर, मित्रांनो, सांगायलाही ओकारी येते, उंदरांनी मुतायची जागा केली. बोल्टवर हिरवट पांढरी बुरशीसारखी साय चढली. वाट कुजली. कधी वीज कशीबशी जायची, कधी अडायची. हवा दमट असली की हमखास अडायची.

मी काय करणार? मला तोंड नाही. बटण दाबलं की कधी मी सुरळीत सरकायचे, कधी नुसती 'टक'.

तिथून जे सुरू झालं त्याला दुरुस्ती म्हणतात म्हणे! शेजारच्या ट्रेलरमधला हॉलिस पहिला धावून आला. याला जगातलं सगळं कळतं. गालात तंबाखू, हातात थुंकायचा डबा. तो डबा तो माझ्याच कडेवर ठेवायचा, काठोकाठ भरलेला, गरम!

"फ्यूज असणार," हॉलिस म्हणाला आणि थुंकला. डॉयलनं फ्यूज बदलला. योगायोगानं मी चालले. दोघांनी एकमेकांच्या पाठी थोपटल्या. दुसऱ्या दिवशी टक.

"बटण असणार." थू. नवं बटण आलं. टक.

"मग बॅटरीच."

"अरे, दिवे तर झकास लागतात!"

"दिव्यांचं वेगळं असतं दोस्ता." थू. यात मात्र तो चुकून खरं बोलला. दिव्यांची वायर त्या बोल्टवरून जातच नव्हती. पण आपण खरं बोललो हे हॉलिसला कळलं नाही आणि नवी बॅटरी आली. बसवताना डॉयलची बोटं उंदरांच्या घरट्यापासून वीतभर अंतरावर होती. त्यानं नाक वाकडं केलं आणि म्हणाला, "नदीचा वास येतोय." नदीचा! बिचारी नदी!

मग रबरी हातोड्याने ठोकणं झालं, लाथ झाली, चरबीचा आणखी एक हात झाला. शेवटी मला गावातल्या मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्री म्हणाला, "गाडी सोडू नका, जोडलेलीच राहू द्या. दाबा काका बटण."

मी बाहेर. मी आत. पुन्हा बाहेर. लोण्यासारखी! कारण गाडी जोडली की तिच्या जाड केबलमधून आणि लोखंडातून विजेला दुसरी वाट मिळायची. कुजलेल्या बोल्टची गरजच उरायची नाही.

"काका, ही तर माझ्या पोरांपेक्षा जास्त ऐकते."

"अरे पण तिकडे नदीवर जागची हलत नाही!"

"मग नदीवर काहीतरी असेल. भूतबित?"

ओनीटा म्हणाली, "भूत कसलं! याचाच स्वभाव लागलाय तिला. घरी दिवसभर गुडघा गुडघा करतो, आणि डॉक्टरसमोर गेला की म्हणतो, ठणठणीत!"

पुन्हा नदीवर आलो. "आधी गाडी सोडा, मग खोली बाहेर!" गाडी सोडली आणि टक. पुन्हा मिस्त्री, पुन्हा लोणी. पुन्हा नदी, पुन्हा टक. डॉयलच्या नियमापायी मी आणि गाडी घरी कधी एकत्र जागे नसायचोच. मला हे कळत होतं, आणि मी तिथे चरबीत लिबलिबत, थुंकीचा वास घेत गप्प उभी होते.

मग तो पाऊस आला. आमच्याकडे थोडाच, पण वर डोंगरात धो धो. सकाळी नदी चहासारखी होती, दुपारी चिखलासारखी झाली. कॅम्पची रखवालदार लॉर्ना गाडीतून ओरडत आली, "निघा! सगळे निघा! पाणी चढतंय!"

एकेक ट्रेलर हलू लागला. डॉयल आत आला, मोठ्यानं म्हणाला, "आधी खोली आत!" आणि बटण दाबलं.

टक.

टक. टक.

हाताने फिरवून मला आत घ्यायचा एक दांडा असतो. तो डॉयलनं झाडाचा बुंधा उपटायला वापरला होता, आणि तेव्हापासून तो प्रश्नचिन्हासारखा वाकडा होता. हॉलिस मदतीला आला. दोघं बाहेरून मला ढकलू लागले. माझ्या मोटरीच्या चाकांचे दाते असे जखडलेले असतात की हत्तीनं ढकललं तरी मी हलणार नाही. त्यात हॉलिसचा पाय चरबीच्या थारोळ्यात पडला आणि तो डब्यासकट खाली. सगळी थुंकी त्याच्याच शर्टावर! एवढा एक क्षण मला बरं वाटलं.

पाणी आमच्या अंगणातल्या बाकाच्या पायांशी आलं, मग चाकांशी. कॅम्पमधून बाहेर पडायची वाट दोन सीडरच्या झाडांमधून होती. मी बाहेर असताना तिथून निघायचं म्हणजे मी त्या झाडांवर फाटणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं.

लॉर्ना परत आली. "डॉयल, घर राहू दे! माणसं चला!"

डॉयल पांढराफटक पडला. गोधडी, फोटो, गोळ्यांची पिशवी, जे दिसेल ते पिकअपमध्ये टाकू लागला. ओनीटा पायरीवर उभी राहिली. पायरीला पाणी लागलं होतं.

"तू काय करतोयस?"

"सोडून जायचं ओनीटा. इलाज नाही."

"सोडून कुठे जायचं? हेच घर आहे. याच्याशिवाय काही नाही आपल्याला."

"खोली बाहेर असताना गाडी जोडता येत नाही!"

"कोण म्हणतं येत नाही?"

"नियम आहे!"

"तुझा नियम तुझ्या बसमध्ये ठेव," ओनीटा म्हणाली आणि त्याच्या खिशातून किल्ल्या काढून घेतल्या. "मी गाडी जोडणार आहे, आणि ती खरकटी, बुळबुळीत, घाणेरडी खोली झाडाला लागून तुटली तर तुटू दे. बाकीचं घर मी नेणार."

मी ऐकत होते, मित्रांनो. मला राग आला नाही. खरं सांगते, माझी मलाच इतकी शिसारी आली होती की तुटले तर आंघोळ तरी होईल, असं वाटलं.

ओनीटानं ती पिकअप आयुष्यात कधी मागे घेतली नव्हती. डॉयल द्यायचाच नाही. पहिल्यांदा ती कचऱ्याच्या पिंपावर गेली. मग डॉयलचे हात आपोआप वर गेले, "डावीकडे... अजून... थांब!" पाण्यात उभं राहून त्यानं कडी अडकवली, साखळ्या लावल्या, केबल खोचली. हात आपले सवयीनं चालत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं की पावसाचं होतं, ते मला सांगता यायचं नाही.

मग तो आत आला. निघायच्या आधी माझ्या सोफ्यावरून एकदा हात फिरवला. काही आशा नव्हती त्याला. उगीच आपलं बोट बटणावर ठेवलं.

घर्रर्रर्र!

मी निघाले! चरबी, केस, खवले, सगळं घेऊन मी अशी आत शिरले की टेबलावरचा मिठाचा डबा थेट न्हाणीघरात जाऊन पडला. रबर टेकलं आणि सगळं शांत झालं.

डॉयल पाण्यातून चालत पिकअपच्या खिडकीशी गेला आणि म्हणाला, "चुकलो ओनीटा." ओनीटा म्हणाली, "बस आत." सीडरच्या दोन झाडांमधून आम्ही बाहेर पडलो, दोन्ही बाजूंना हातभर जागा ठेवून. मागे आमचं बाक नदीनं उचललं आणि नेलं.

टेकडीवरच्या चर्चच्या आवारात आम्हाला जागा मिळाली. तिथे ओनीटानं गाडी सोडली, बटण दाबलं. टक. गाडी जोडली, बटण दाबलं. घर्रर्र. सोडली, टक. जोडली, घर्रर्र. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"म्हणजे खोलीत काही बिघाड नाही. गाडी जे देते, ते आपल्या घरात कुठेतरी तुटलंय."

हॉलिसही तिथेच येऊन थांबला होता. तो म्हणाला, "वहिनी, हे प्रकरण जरा खोल असतं."

"हॉलिस, आधी तो डबा उचल माझ्या घरावरून."

मग ती बॅटरीशी वाकली, पेटीमागे हात घातला आणि किंचाळली. हातात आलं ते घरटं: तिच्याच गोधडीचा कापूस, बेकनचे कण, काळ्या लेंड्यांचा सडा, आणि मधोमध एक उंदीर, इतका माजलेला की त्यानं तिच्याकडे बघून जांभई दिली. खाली तो बोल्ट, हिरवागार. तिनं पातेलंभर व्हिनेगर ओतलं, तारेच्या ब्रशने घासघासून लोखंड चमकवलं, नवा बोल्ट आवळला. मग गाडी सोडून बटण दाबलं.

घर्रर्र. एकदाही टक नाही.

मग मला गरम पाणी आणि साबण. तीन बादल्या तपकिरी निघाल्या. त्यातलं थोडं पाणी चर्चचा कुत्रा प्यायला. शी, शी, शी!

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातली एखादी वस्तू कधी चालत असेल आणि कधी चालत नसेल, तर तिला ठोकू नका. चालते तेव्हा जवळ काय असतं, आणि चालत नाही तेव्हा काय नसतं, तेवढं बघा. वायर जिथे लोखंडाला भेटते ती जागा कोरडी ठेवा. आणि स्वयंपाकघरातलं जे तुमच्या पोटात जायला हवं, ते आमच्या अंगाला फासू नका. आम्हालाही किळस येते.

आता शपथ घेतलीय, तेव्हा अडकायच्या आधी कबूल करते. एक गोष्ट मी पदरची घातली. रॅकून खरा, जांभई खरी. पण "चुकलो" असं डॉयल काही म्हणाला नाही. तो पाण्यातून गाडीपाशी गेला, ओनीटाच्या बाजूचं दार उघडलं, ती स्टिअरिंग धरून बसलीय ते पाहिलं, दार हळूच लावलं, आणि वळसा घालून पलीकडच्या सीटवर जाऊन बसला. पट्टा लावला. आणि चर्चपर्यंत एकदाही ब्रेक दाब म्हणाला नाही.