वावरातलं जहाज

आमच्या संजीवनीनं पुस्तक लिहायले घेतलं, तवा मले वाटलं पोट्टी पाककृती लिहीत असंन. नाई बाप्पा! त्यात एक मुलूख, त्या मुलखात ना नदी ना समुद्र, आन् जमिनीवरून जहाजं जाऊन राह्यली. चाकावर! वर हे मोठ्ठं शीड, खाली अख्खं गाव. दळण, लग्नं, बारसे, सगळं चालत्या जहाजावर. मले तं भल्लं आवडलं. अशा गावात नांदायले मी आजही तयार हाय.

पण पुण्याच्या प्रकाशकबाई फोनवर म्हणाल्या, "जमिनीवर जहाजं चालतील हे पटत नाही. पटवा, नाहीतर काढून टाका." जहाज काढलं तं पुस्तकात राह्यते काय? पोरीचं तोंड एवढंसं झालं. जेवली नाई त्या दिवशी.

आन् तिचा बाप! गावात भगवानराव म्हणतात त्याईले. "काढून टाक वं," हे म्हणे. "काळ्या मातीत चाक रुतते. वारा पडला का गाव जागच्या जागी. आन् थांबवायचं कसं? जलमभर बैलगाडी हाकली म्या, मले नको सांगू."

माझं डोकं सणकलं. म्हणलं, "समुद्र पाह्यला नाई तुमी, जहाज पाह्यलं नाई, आन् निकाल द्यायले मोठे तयार! लावा आपल्या गाडीले शीड. नाई चालली तं काढंन ती जहाज." बोलून गेली आन् मंग ध्यानात आलं. पोरीचं पुस्तकच म्या पणाले लावलं होतं.

उन्हाळ्याचे दिवस, पिकं निघालेली. आमच्या वरवट बकाल गावाच्या बाहेर खारपट्ट्यातलं रान टणक आन् सपाट. दुपारून वारा असा सुटते का डोक्यावर पदर राहत नाई. तिथं बैल सोडले, गाडी पुढं टेकू नाई म्हणून जुवाखाली हातगाड्याचं चाक बांधलं, मधात बांबू उभा केला आन् आडव्या बांबूले सोयाबीन झाकायची ताडपत्री टांगली. ताडपत्रीच्या खालच्या टोकाईले ह्यांनी बैलाचे कासरे बांधले आन् ते हातात घेऊन पुढं बसले. संजू मागं. मी खाली.

वारा आला, ताडपत्री फुगली. गाडी कुरकुरली, आन् अव माय! निंगाली ना! संजू अशी ओरडली का बैल बिचकले. मी पदर खोचून मागं पळून राह्यली, हसून हसून दम लागला.

मंग समोर बाभूळ दिसली. ह्यांनी सवयीनं कासरा ओढला, "हो रे, हो!" तशी ताडपत्री आणखी ताणली आन् गाडी आणखी पळाली. हे आणखी ओढत, "हो रे! आयकत नाई काय?" कोणाले सांगून राह्यले होते, देव जाणे.

"बाबा, कासरा सोडा!" संजू किंचाळली.

उधळल्या गाडीचा कासरा कोणी कास्तकार सोडते काय? पण त्याईनं लेकीकडं एकदा पाह्यलं आन् दोन्ही हात उघडले. ताडपत्री फडफडली, ढिली पडली. गाडी बाभळीच्या अलीकडे गुमान उभी राह्यली.

मी पोचली तवा हे घामानं चिंब, आन् हसून राह्यले. एवढं मोकळं त्याईले लग्नातही हसताना पाह्यलं नव्हतं.

संजूनं तिथूनच फोन लावला. "बाई, चालतात! टणक रान पाहिजे आणि भरपूर वारा. परत यायला बैल लागतात, म्हणून माझ्या जहाजावर आता गोठा असेल. आणि थांबवायचं कसं, तेही कळलं."

"पण वाचकाला पटेल का?" तिकडून आवाज आला. ह्यांनी तिच्या हातातून फोन घेतला.

"बाई, मी तिचा बाप. मले पटलं. मले पटलं म्हणजे आता कोणालेबी पटंन."

बाई हसल्या. "मग राहू द्या जहाज."

संजू बापाच्या गळ्यातच पडली. माझे डोळे भरले, खोटं काऊन सांगू? बैल तिकडं उभे होते, पण आणायले कोणी गेलं नाई. गाडीचं तोंड तेवढं बाभळीपासून वळवलं. वारा अजून चांगला होता, आन् आता माझी पाळी होती.